मानेसाहेबांसाठी वेगळे मंत्र

परप्रांतातल्या पौरोहित्याचे गमतीदार अनुभव लिहून द्या, असा दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. मी हो म्हटलं आणि बरेच दिवस काहीच लिहिलं नाही. गमती नाहीत असं नाही. लखनौसारख्या गावात 'मराठी हो?' या प्रश्नानंतर 'अच्छा, बम्बई से?' हा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. तिथे वीसेक वर्षं मराठी घरांतून पूजा सांगत हिंडलेल्या माणसाकडे गमती नसतील तर कुणाकडे असतील? पण त्या गमतींच्या तळाशी एक गोष्ट आहे, आणि ती सोडून बाकीचं लिहायला बसलो की पेन अडतं. चकली खाताखाता वाचण्यासारखी ती गोष्ट नाही. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

मी पेशाने रेल्वेतला ड्राफ्ट्समन. पुलांचे नकाशे काढतो. वडील वाईजवळच्या एका खेड्यात भिक्षुकी करायचे. त्यांच्यासारखं पंचा नेसून दारोदार हिंडायचं नाही, एवढ्याच जिद्दीवर मी डिप्लोमा केला आणि नोकरी घेऊन थेट लखनौ गाठलं. पहिल्याच गणेशचतुर्थीला आलमबागच्या रेल्वे कॉलनीत कुणीतरी विचारलं, की तुमच्याकडे पूजा सांगतात ना? अनंतचतुर्दशीपर्यंत मी गुरुजी झालो होतो. लखनौत पंडित काही कमी नाहीत. पण त्यांना मंगळागौर माहीत नसते, मोदकाला ते लड्डू म्हणतात, आणि आपल्या देवाला हिंदी वळणाचं संस्कृत कळणार नाही अशी मराठी माणसाची मनातून खात्री असते. म्हणून सोमवार ते शनिवार पूल आणि रविवारी परमेश्वर, असा माझा संसार चालला.

गिऱ्हाइकं एकेक नग. छावणीतले एक कर्नल होते. शाळेचा एक तास असतो तेवढ्यात सत्यनारायण बसवा म्हणाले, नंतर त्यांना इन्स्पेक्शन होतं. तिसरा आणि चौथा अध्याय क्लब करता येतील का, असंही त्यांनी विचारलं. मी क्लब केले. साधुवाण्याची नौका एकाच वाक्यात बुडाली आणि वर आली. कर्नल खूश, मॅडम खूश, नौकेचं कुणी विचारलं नाही. अमौसीला विमानतळावरचे एक अधिकारी होते. वास्तुशांतीच्या दिवशीच धुकं पडलं आणि त्यांना ड्यूटीवर बोलावणं आलं. त्यांच्या पाटावर सुपारी ठेवली, फोनचा रिसीव्हर माझ्या तोंडाशी धरला. वर विमान घिरट्या घालतंय आणि खाली टॉवरमधून यजमान 'मम' म्हणताहेत. विमानही उतरलं आणि वास्तूही शांत झाली.

आता धंद्याची एक गोष्ट बाहेरच्यांना सांगतो. आतल्यांना ती माहीत आहे आणि ते ती सांगत नाहीत.

पूजेला बसल्यावर गुरुजी विचारतात, गोत्र काय? यजमानाला वाटतं, संकल्पात घालायला विचारताहेत. तेही खरंच. पण त्याच्याबरोबर आणखी एक हिशेब होत असतो. आमच्याकडे मंत्रांचे दोन प्रकार. एक वेदातले, त्यांना वेदोक्त म्हणतात. दुसरे पुराणातले श्लोक, ते पुराणोक्त. ब्राह्मणाचं घर असलं की वेदोक्त. नसलं की पुराणोक्त. ताम्हण तेच, फुलं तीच, शिऱ्यातलं केळंही तेच. बदलतात ते फक्त शब्द, आणि ते संस्कृतात असल्याने कुणाला कळत नाहीत. मराठ्याकडे, माळ्याकडे, सुताराकडे मी बिनचूक दुसरा प्रकार म्हणत आलो. त्यांना सांगितलं कधीच नाही. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा मी विचारलं होतं, की त्यांना कळलं तर? ते म्हणाले, "ऐकणाऱ्याला कळत नाही आणि देवाला चालतं. मग कुणाचं काय बिघडलं?" इतकी सोयीची विचारसरणी मला पुढे रेल्वेतसुद्धा सापडली नाही.

मानेसाहेब छावणीत सुभेदार होते. मूळचे कराडकडचे. पूजेला मी जायच्या आधी त्यांची मांडणी तयार असे, आणि ती माझ्या मांडणीपेक्षा नीट असे. एका वर्षी ते माझ्या घरी आले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, मला शिकवा. त्यांची पलटण वर बर्फात जाणार होती. पलटणीला पंडित असतो, पण तो खाली असतो. वरच्या चौकीत कुणाचा जीव गेला तर पोरं नुसती टोप्या काढून उभी राहतात. "कुणीतरी चार शब्द नीट म्हणायला पायजेत, गुरुजी. आईबाप लांब असत्यात."

नाही म्हणणं अवघड होतं. हो म्हणणं त्याहून अवघड. ब्राह्मणेतराला हे शिकवल्याचं कॉलनीत कळलं तर देशपांडे काय म्हणतील, कुलकर्णीकाकू काय म्हणतील? मी मधला मार्ग काढला. भित्र्या माणसाला मधला मार्ग अंधारातसुद्धा सापडतो. मी मानेसाहेबांना शिकवलं. पूजा शिकवली, अंत्यविधीही शिकवला. सगळं पुराणोक्त. दुसरं काही असतं याचा उच्चार केला नाही. हिवाळाभर ते सायकलवरून येत. घोकलेलं आरशासारखं लख्ख म्हणून दाखवत. जाताना दर वेळी विचारत, काही राहिलं न्हाई ना? मी म्हणत असे, काही राहिलं नाही.

ते पलटणीबरोबर वर गेले. तिथे त्यांच्या हाताखालचा पाटणकडचा शिंदे नावाचा जवान हिमस्खलनात गेला. मानेसाहेबांनी त्याला माझ्याकडून शिकलेल्या शब्दांनी अग्नी दिला. पुढे अस्थी घेऊन स्वतः पाटणला गेले, त्याच्या बापाला म्हणाले, बाबा, तुमच्या पोराचं सगळं रीतसर केलं, काही कमी केलं नाही. मग लखनौला परत आले आणि हे सगळं मला येऊन सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा समाधानी होता. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि बराच वेळ पाणी भरत राहिलो.

त्याच सुमाराला आमच्या वरच्या खोलीत मार्विन राहायला आला. अमेरिकन, उर्दू शिकायला आलेला, वर्णाने काळा. लखनौच्या तहजीबबद्दल आपण ऐकून असतो. गल्लीने त्याचं नाव हब्शी साहब असं ठेवलं. साहब लावलं, त्यात तहजीब आली. त्याचं उर्दू इतकं नजाकतीचं होतं, की समोरचा पानवाला त्याच्याशी बोलताना आधी तोंडातलं पान थुंकून येई. तो चहा पीत नसे. लखनौत चहा नाकारणं म्हणजे घरमालकाचा अपमान, म्हणून पहिल्या दिवशीच त्याने खुलासा केला, की तो मॉर्मन आहे. येशूला मानणारा त्यांचा वेगळा पंथ, त्यात चहा-कॉफी-दारू वर्ज्य. माझ्या बायकोला वाटलं सोवळ्यातला आहे. ती त्याला ताक देऊ लागली.

त्याला पूजेचा नाद लागला. गाण्यात वाढलेला पोरगा, डोळे मिटून ऐकत बसे. त्या श्रावणात तो माझ्याबरोबर आधी देशपांड्यांकडे आला आणि पुढच्या रविवारी मानेसाहेबांकडे. दोन्हीकडे सत्यनारायणच. मानेसाहेबांकडे प्रसाद वाटला जात असताना त्याने अगदी अदबीने विचारलं, "पंडितजी, एक बात समझ में नहीं आई। देशपांडे साहब के यहाँ आवाज़ सीढ़ियाँ चढ़ती-उतरती थी। यहाँ सीधी सड़क पर चली। पूजा तो वही थी ना?"

वेदमंत्रांना वरखाली स्वर असतात, श्लोकांना ते नसतात. इतक्या वर्षांत एकाही मराठी कानाला जे ऐकू आलं नव्हतं ते अमेरिकेहून आलेल्या माणसाला ऐकू आलं. मानेसाहेब द्रोण हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, वो शाखाभेद है. शाखाभेद हा फार उत्तम शब्द आहे. त्याच्यापुढे कुणी विचारत नाही. मानेसाहेबांनी मान हलवली. "आमची शाखा येगळी असंल," ते मार्विनला समजावून म्हणाले, आणि त्याच्या द्रोणात आणखी शिरा वाढला.

मार्विनने तो विषय तिथे वाढवला नाही. दोन दिवसांनी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो तेव्हा तो तिथे बसला होता. म्हणाला, "पंडितजी, जिस लहजे में आपने जवाब दिया, वो लहजा मैं बचपन से पहचानता हूँ।" आणि मग त्याने त्याच्या पंथाची गोष्ट सांगितली. जमेल तशी मराठीत देतो.

त्यांच्यात पौरोहित्य ही वेगळी जात नसते. बारा वर्षांच्या मुलापासून प्रत्येक पुरुषाला ते मिळतं. रविवारच्या प्रार्थनेत भाकरीचे तुकडे आणि पाणी वाटायला तीच पोरं फिरतात. प्रत्येक पुरुषाला, म्हणजे काळे सोडून प्रत्येकाला. मार्विनचे वडील शाळेत शिक्षक, पंथावर जीव टाकणारे. पण भाकरी वाटायची ती त्यांच्याच वर्गातल्या गोऱ्या पोरांनी, मास्तरांनी बाकावर बसून घ्यायची. लग्नाची कायमची गाठ ज्या मंदिरात बांधतात तिथेही त्यांना मज्जाव. कारण विचारलं की दोन उत्तरं मिळत. एक म्हणजे कुणा आदिपुरुषाचा शाप. दुसरं असं, की जन्माच्या आधी स्वर्गात युद्ध झालं, त्यात या आत्म्यांनी कच खाल्ली, म्हणून त्यांना काळी कातडी मिळाली.

मी हातातला टॉवेल खाली ठेवला. मागच्या जन्मीचं! हा तर आमचाच माल. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, तोही इतक्या तंतोतंत. आम्ही पेटंट घ्यायला हवं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या वरच्या मंडळींनी जाहीर केलं, की देवाने कळवलं आहे, आता सगळ्यांना पौरोहित्य. मार्विनच्या वडिलांना दीक्षा मिळाली. लोकांनी मिठ्या मारल्या, वडील रडले, सगळ्यांचे आभार मानले. घरी जाताना गाडीत आईने विचारलं, आभार कशाचे मानलेत? 

"अब कुछ लोग पुराने काग़ज़ पढ़ रहे हैं," मार्विन म्हणाला. त्यांना आढळलं होतं, की पंथाच्या अगदी सुरुवातीला एखाददुसऱ्या काळ्या माणसाला रीतसर दीक्षा दिली गेली होती. नियम नंतर आला, आणि आल्यावर तो पहिल्यापासूनच होता असं सगळे म्हणू लागले. आता नियम उठला आहे. पण नियम चूक होता, ती कारणं खोटी होती, असं कुणी अजून म्हटलेलं नाही. मी त्याला विचारलं, मग तू अजून त्या पंथात कसा? तो म्हणाला, घर माझंही आहे, मी का सोडू. आणि त्याने विचारलं, "आपके यहाँ सुभेदार साहब को मालूम है?"

मी कपडे उचलून खाली आलो.

त्यानंतर मी जे केलं त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मानेसाहेबांना बोलावलं आणि म्हटलं, तुमची तयारी झाली आहे, आता पुढचा भाग शिकवतो. पुढचा भाग! जसं काही ते चौथीत होते आणि मी त्यांना पाचवीत घालत होतो. वेदोक्त सगळं शिकवलं, स्वरांसकट. चूक झाली होती, मी लपवलं होतं, यातलं अक्षर नाही. मानेसाहेबांना ते स्वर फार लवकर आले. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "कुणी दिलं नसतं गुरुजी, तुम्ही दिलंत." मी आशीर्वाद दिला. दिलाच. हात आपोआप वर जातो, सवयीचा असतो.

मार्विन जिन्यात उभा होता. त्याने पाहिलं. मानेसाहेब गेल्यावर एवढंच म्हणाला, "हमारे यहाँ भी बिलकुल ऐसे ही हुआ था। सबने शुक्रिया अदा किया।" महिनाभराने तो मायदेशी गेला. जाताना बायकोसाठी चिकनकारी भरतकामाची साडी ठेवून गेला. माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

पुढच्या गणेशोत्सवात मानेसाहेबांनी मंडळात माझा सत्कार ठेवला. ते निवृत्त होऊन गावी निघाले होते. शाल, श्रीफळ, हार. माइकवर ते म्हणाले, जातपात न बघता या माणसानं आपल्याकडचं सगळं मला दिलं. टाळ्या पडल्या. देशपांड्यांनीही वाजवल्या, कारण कर्नलसाहेब वाजवत होते. मी उत्तराला उभा राहिलो. आता सांगून टाकावं असं खरोखर मनात होतं, घसा साफसुद्धा केला. आणि मग आपल्या उदार परंपरेवर बोललो. चांगलं झालं भाषण. लोक नंतर भेटून सांगत होते.

ती शाल मी वापरतो. लखनौची थंडी कडक असते आणि शाल चांगली आहे.

संपादकांचा फोन आल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे छापून टाकू, मानेसाहेब वाचतीलच. मग लक्षात आलं, की एवढ्या लोकांना सांगायचं ते एका माणसाला तोंडावर सांगावं लागू नये म्हणून. रजा टाकली आणि कराड गाठलं. मानेसाहेबांनी नवं घर बांधलं आहे, पुढे पेरूची बाग. त्यांना आनंद झाला. पोरगा लखनौच्या शाळेत शिकलेला, तो माझ्याशी अजून हिंदीतच बोलतो. सूनबाईंनी जेवायला थांबवून घेतलं. जेवणाआधीच मी सांगितलं. सगळं, वडिलांच्या त्या वाक्यासकट.

मानेसाहेब ऐकत होते.  मी संपवल्यावर त्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला सरळ लावली. मग विचारलं,

"शिंद्याला मी कुठलं म्हटलं हुतं?"

मी म्हटलं, आधीचं.

"म्हंजे आमच्यासाठी ठेवलेलं."

मी सांगू लागलो, की देवापुढे दोन्ही सारखीच, श्लोकही पवित्रच असतात, शब्दांपेक्षा भाव...

"सारखी हुती तर दोन कशाला ठेवली, गुरुजी?"

इथे शाखाभेदही चालला नसता. जेवणं झाली. दुसऱ्यांदा कुणी काही मागितलं नाही. सूनबाईंना वाटलं आमटी बिघडली. हात धुताना मानेसाहेब म्हणाले, "उद्या सकाळी पाटणला जाऊ. त्याच्या बापाला मी शब्द दिलाय, काही कमी केलं न्हाई म्हणून. त्यो शब्द माझ्या तोंडून खोटा झालाय. तुम्ही सांगायचं. मी नुसता बरोबर येतो."

मी म्हटलं, म्हातारा माणूस, आता इतक्या वर्षांनी त्याला कशाला दुखवायचं? मानेसाहेब म्हणाले, "त्ये तुम्ही ठरवायचं न्हाई आता."

आम्ही गेलो. शिंद्यांच्या ओसरीवर मी काय सांगितलं ते वर आलंच आहे. म्हाताऱ्याने मला काय विचारलं आणि माझ्याकडून काय करून घेतलं, ते इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे, माझ्या अनुभवकथनाचं नाही.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मानेसाहेब आत चढले, माझ्या बाकापाशी क्षणभर थांबले आणि पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी कंडक्टरला दोघांच्या तिकिटांचे पैसे दिले आणि माझं तिकीट त्याच्याच हातून मागे पाठवलं. कराड येईपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती, शिपायासारखी ताठ.